शिफारशीला कारण असावे लागते

१

आपल्या वाङ्मयीन समीक्षेत शिफारशीला मानाचे पान कधी मिळालेले नाही. समीक्षकाने संहितेचे विश्लेषण करावे, तिच्यातील अंतर्विरोध उलगडावेत, परंपरेशी असलेले तिचे नाते तपासावे, फार तर शेवटी बिचकत बिचकत मूल्यमापन करावे. ‘हे वाचा’, ‘हे ऐका’ असे सांगणे हे मात्र वृत्तपत्री परीक्षणकाराचे किंवा उत्साही मित्राचे काम होय, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात पक्की झालेली आहे. बँड आणि अल्बम यांच्या बाबतीत तर ती अधिकच निर्धास्तपणे वावरते. एखाद्या कवितासंग्रहाविषयी ‘आवडला’ एवढे म्हणून थांबायचा आपल्याला संकोच वाटतो. तोच अभ्यासक आपल्या आवडत्या बँडविषयी बोलू लागला की विशेषणांची उधळण करतो, आणि कोणी ‘का?’ असे विचारलेच तर ‘आवड ज्याची त्याची’ असे म्हणून सुटका करून घेतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या दोन्ही सवयींच्या विरोधात आहे. शिफारस ही समीक्षेच्या पायरीखालची गोष्ट नव्हे. मूल्यनिर्णय जिथे उघड्यावर येतो आणि दुसऱ्याकडून काही मागतो, अशी ती जागा आहे. म्हणूनच तिला कारणांची जोड असावी लागते. समीक्षेने ही जागा सोडून दिली तर ती रिकामी राहत नाही. तिथे दुर्मिळतेचा हव्यास येतो, वंशावळीचे कौतुक येते आणि अखेरीस यंत्र येते. संगीताच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

‘शिफारस’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला. मध्यस्थी, कोणाची तरी रदबदली, असा त्याचा अर्थ. मराठी व्यवहारात शिफारस आणि वशिला शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे शिफारशीविषयी आपल्या मनात थोडा संशयही असतो. पण या दोहोंतील फरक आपल्या व्यवहाराला चांगला ठाऊक आहे. वशिल्याला कारण लागत नाही, ओळख पुरते. शिफारसपत्रात मात्र ज्याची रदबदली करायची त्याचे गुण लिहावे लागतात आणि खाली सही करावी लागते. उमेदवार नालायक निघाला तर सही करणाऱ्याची पत जाते. एखाद्या अल्बमची शिफारस तपासतानाही याच दोन कसोट्या लावाव्यात: गुण सांगितले आहेत काय, आणि सही आहे काय? पुढील विवेचन या दोन कसोट्यांच्या आधारे केले आहे.

२

एक उदाहरण तपशिलाने पाहू. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकाने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाची ध्वनिमुद्रिका केली. ती एच.एम.व्ही.च्या नाममुद्रेने निघाली. सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे व्यावसायिक कलावंत होते. चित्रपटगीतांच्या धुनांच्या वाद्यसंगीत-ध्वनिमुद्रिकाही त्यांनी काढल्या होत्या. या ध्वनिमुद्रिकेत मात्र त्यांनी भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग घेतले, आणि रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जातील साथीचे यंत्र. हा काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ १९८० मध्ये येऊन गेला होता, ‘डिस्को दीवाने’ १९८१ मध्ये, आणि ‘डिस्को डान्सर’ त्याच १९८२ सालचा. तरीही या ध्वनिमुद्रिकेचा फारसा बोलबाला झाला नाही.

पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली, आणि २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या नेदरलँड्समधील नाममुद्रेने तिची नवी आवृत्ती काढली. त्यानंतर ती जगभर गेली, पण स्वतःच्या पायांनी नव्हे, एका वाक्याच्या खांद्यावर बसून. त्या वाक्याचा आशय असा: शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ जन्माला येण्याच्या पाच वर्षे आधी ते मुंबईत जन्मले होते. टीबी-३०३चे घसरते, कुरकुरणारे आवाज ही ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताची ओळख. ‘फ्यूचर’ या शिकागोच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही त्या प्रकाराची आद्य मानली जाणारी ध्वनिमुद्रिका १९८७ साली प्रसिद्ध झाली. १९८२ आणि १९८७ यांची वजाबाकी करून शिफारस तयार झाली. सिंग २०१५ साली मुंबईत वारले, तेव्हाही त्यांची ओळख बहुधा याच वजाबाकीने करून देण्यात आली.

बाउमन यांच्याविषयी येथे तक्रार नाही. आपण जिच्याकडे ढुंकून पाहिले नाही ती ध्वनिमुद्रिका त्यांनी ऐकली, मूळ कलावंताला शोधून काढले आणि आपल्या नाममुद्रेची पत तिच्यामागे उभी केली. सही त्यांनी केली आहे. तक्रार आहे ती त्या वजाबाकीविषयी. कारण तिच्यात गुण सांगितलेले नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, शिकागोच्या त्या तरुणांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांच्या हाती टीबी-३०३ आले ते निराळ्या वाटेने. बेस गिटारची साथ पुरवण्यासाठी काढलेले ते यंत्र बाजारात पडले, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले, आणि त्याच्या कळा भलत्याच पद्धतीने फिरवताना त्यांना तो आवाज सापडला. म्हणजे येथे पूर्वज आहे, पण वंश नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘आधी केले’ हे वाक्य तारखेविषयीचे आहे, कृतीविषयीचे नाही. या ध्वनिमुद्रिकेत राग आहेत ही बाब त्या वाक्यात केवळ रंगापुरती उरते. दहा रागांऐवजी दहा अन्य धुना असत्या तरी वजाबाकीचे उत्तर तेच आले असते.

आता कारणे देऊन बोलायचे तर काय बोलावे लागेल? टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. रागसंगीताच्या कानाला त्यात मींडेची आठवण होते, आणि या ध्वनिमुद्रिकेतील पुष्कळसे आकर्षण या आठवणीतून येते. पण मींड ही दोन स्वरांमधील केवळ घसरण नव्हे. वाटेत कोठे रेंगाळायचे, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करायचा, याचा विवेक तिच्यात असतो. यंत्राची घसरण दर वेळी त्याच मापाची. भैरवाचा कोमल ऋषभ आंदोलित असतो, तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला असतो. सिंथेसायझरचे सप्तक मात्र बारा समान भागांत कापलेले असते. म्हणून भूपाळीसारखा शुद्ध स्वरांचा औडव राग या यंत्रांवर बराचसा निभावून जातो, आणि दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललित किंवा तोडी तिथे अडखळल्यासारखा वाटतो. शिवाय पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच ठाम ठेक्यावर उभे केल्यामुळे रागाची वेळ पुसली जाते. विलंबितातून द्रुताकडे जाणारा प्रवास नाही, समेची उत्कंठा नाही.

तरीही मी या ध्वनिमुद्रिकेची शिफारस करतो, आणि ती या उणिवांसकट करतो. रागाचे स्वरूप हे केवळ स्वरांच्या निवडीत आहे की स्वरांच्या लगावात, हा प्रश्न आपल्या संगीतशास्त्रात जुना आहे. लगाव जवळजवळ काढून घेतला आणि चलन तेवढे शिल्लक ठेवले तर राग कितपत उरतो, याचे उत्तर येथे कानांनी मिळते. काही राग आश्चर्यकारकपणे उरतात, काही उरत नाहीत. दुसरे कारण सामाजिक आहे. ज्या व्यवसायात वाद्यवृंदातील बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत, त्यातल्या एका वादकाने येथे सारा वाद्यवृंद बाजूला सारून तीन यंत्रांसह स्वतःच्या नावाने काम केले. ही मुक्ती होती की त्याच्या सहकाऱ्यांच्या बेकारीची नांदी, असा प्रश्न ती ऐकताना पडावा. या कारणांपैकी एकेकाला विरोध करता येईल. तोडी अडखळत नाही, असे कोणी तोडी ऐकवून दाखवू शकेल. वजाबाकीला असा विरोध करता येत नाही. तिथे फक्त मान डोलावता येते.

३

वजाबाकीची ही रीत एकट्या चरणजित सिंगांच्या वाट्याला आलेली नाही. बँड आणि अल्बम यांविषयीच्या शिफारशीत कारणांची जागा घेणारे दोन युक्तिवाद सतत भेटतात. एकाला वंशावळीचा युक्तिवाद म्हणू, दुसऱ्याला दुर्मिळतेचा.

वंशावळीच्या युक्तिवादाचे प्रसिद्ध उदाहरण ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या न्यूयॉर्कच्या बँडचे आहे. त्यांचा पहिला अल्बम १९६७ साली आला तेव्हा फारसा खपला नाही. पण ज्या थोड्यांनी तो विकत घेतला त्यांच्यातल्या प्रत्येकाने स्वतःचा बँड काढला, अशा आशयाचे ब्रायन ईनो यांचे विधान पुढे इतके फिरले की त्या अल्बमची शिफारस करायला आता दुसरे काही बोलावेच लागत नाही. विधान चतुर आहे. पण एखाद्या कृतीचे मूल्य तिच्या संततीवरून ठरवायचे असेल तर निःसंतान कृतींचे काय करायचे? आणि संतती सामान्य निघाली तर दोष कोणाचा? केशवसुतांनंतर पुष्कळ सुनीते लिहिली गेली म्हणून केशवसुतांचे सुनीत चांगले, असे मराठी समीक्षक म्हणणार नाही. निदान म्हणू नये. त्या अल्बममध्ये जॉन केल यांच्या व्हायोलाचा अखंड गुंजारव गाण्याच्या साध्या चालीला खालून कसा पोखरत जातो, हे कारण आहे. नंतर कोणी काय केले, हा इतिहास आहे. दोन्ही हवेत, एक दुसऱ्याच्या जागी नको.

दुर्मिळतेच्या युक्तिवादात अल्बमचा गुण असा की तो कोणी ऐकलेला नाही. निक ड्रेक या इंग्रज गायकाने १९६९ ते १९७२ या काळात तीन अल्बम केले. तिन्ही जेमतेम खपले. १९७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर पाव शतक त्याचे नाव एका हातातून दुसऱ्या हातात, ध्वनिफितींच्या नकलांमधून, जवळजवळ गुप्त मंत्रासारखे दिले जात होते. १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगनने मोटारीच्या जाहिरातीत त्याचे ‘पिंक मून’ हे गाणे वापरले आणि अमेरिकेत त्याच्या अल्बमांची विक्री एकाएकी वाढली. जुने चाहते यामुळे नाराज झाले असतील तर ती नाराजी समजून घेतली पाहिजे, पण मान्य करता कामा नये. ‘पिंक मून’ हा अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा आहे. एक आवाज, एक गिटार, आणि शीर्षकगीतात थोडासा पियानो. त्याचा उणेपणा हाच त्याचा विचार आहे. १९७१ सालच्या आधीच्या अल्बममध्ये भरगच्च वाद्ययोजना होती, ती टाकून देऊन तो या उणेपणापर्यंत आला. हा गुण दहा जणांनी ऐकला तरी तोच राहतो, दहा लाखांनी ऐकला तरी तोच. जो चाहता गर्दी होताच पाठ फिरवतो त्याला अल्बम आवडत नव्हता. त्याला आपले वेगळेपण आवडत होते.

‘शोध’ हा शब्द या दोन्ही युक्तिवादांचा लाडका आहे. एखाद्या जुन्या अल्बमचा ‘शोध लागला’ असे म्हणताना ज्यांनी तो केला, ज्यांनी तो घरी वाजवला, त्यांना आपण हिशेबातून वगळतो. चरणजित सिंग हे २००२ मध्येही मुंबईत राहत होते आणि वाजवीत होते. हरवले होते ते आपले कान.

४

तिसरा युक्तिवाद यंत्राचा. स्पॉटिफाय या कंपनीने जुलै २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला तीस गाण्यांची एक निराळी यादी द्यायला सुरुवात केली. भारतात ही कंपनी २०१९ साली आली. या याद्यांमागील मुख्य तत्त्व साधे आहे. तुम्ही ऐकता ती गाणी आणखी कोण कोण ऐकतात, त्यांच्या याद्यांत त्या गाण्यांच्या शेजारी आणखी काय असते, ते पाहून तुम्हाला सुचवायचे. ध्वनीच्या मोजमापांचाही त्यात उपयोग होतो. यंत्र वाईटच सुचवते असे नाही. अनेकदा ते चांगले सुचवते. पण वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांना ते उतरत नाही. गुण सांगितलेला नाही. ‘तुमच्यासारखे ऐकतात’ एवढेच सांगितले आहे. आणि सही नाही. यादी फसली तर कोणाची पत जात नाही.

येथे दोन हानी होतात. पहिली अल्बमची. १९४८ साली आलेल्या दीर्घ मुद्रिकेने एका बाजूला सुमारे वीस-बावीस मिनिटांचा अवकाश दिला, आणि गाण्यांचा क्रम, पहिल्या बाजूचा शेवट, दुसऱ्या बाजूचा आरंभ यांना अर्थ प्राप्त झाला. कवितासंग्रहातील कवितांच्या अनुक्रमाविषयी आपण जे बोलतो तेच येथे बोलता येते. साम्यावर चालणारे यंत्र सुटे गाणे उचलते. संग्रह त्याला दिसत नाही. दुसरी हानी साम्याच्या तत्त्वाची. साम्याने सुचवलेले गाणे कालच्या आवडीला दुजोरा देते. पण कलाकृतीची खरी गाठ पडते ती बहुधा आधी न आवडण्यातून. मर्ढेकरांची कविता तिच्या पहिल्या वाचकांना ‘तुम्हाला हेही आवडेल’ या तत्त्वावर कोणी देऊ शकले नसते.

शिवाय यंत्र निःपक्षपाती आहे हाही भ्रम आहे. स्पॉटिफायने २०२० साली ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची योजना जाहीर केली. मानधनाचा कमी दर पत्करणाऱ्यांच्या गाण्यांना काही प्रकारच्या शिफारशींत झुकते माप देण्याची ही सोय आहे. अमेरिकेत १९५९-६० च्या सुमारास, नभोवाणीवर गाणे वाजवण्यासाठी निवेदकांना पैसे चारले जातात या प्रकरणाची चौकशी तिथल्या संसदेने केली होती, आणि ॲलन फ्रीड या नामांकित निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. तेव्हा निदान दोषी धरायला माणूस होता. आडोर्नो यांनी १९४१ सालच्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात म्हटले होते ते असे की, गाणे वारंवार कानांवर आदळवले की ओळखीचे वाटू लागते आणि ओळखीलाच श्रोता आवड समजू लागतो. जॅझविषयी आडोर्नो यांचे कान बंद होते हे खरे. पण हे निदान त्यांच्या काळापेक्षा आजच्या यंत्राला अधिक लागू पडते.

कारणाविना शिफारस फक्त बाजारच करतो असे मात्र नाही. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा संशयातीत होती. पण त्यांनी एका संपूर्ण प्रकाराला न ऐकता नाकारले आणि दुसऱ्याची शिफारस हुकमाने केली. हुकूम आणि यंत्र यांच्यात साम्य हे की, दोघांनाही ‘का?’ असे विचारता येत नाही.

५

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला बोर्द्यू यांच्या अनुयायांचा. अभिरुची ही वर्गीय भांडवल आहे. ‘डिस्टिंक्शन’ (मूळ फ्रेंच १९७९) या ग्रंथात त्यांनी बाख, गर्श्विन आणि ‘ब्लू डॅन्यूब’ यांच्या आवडीनिवडी फ्रेंच समाजाच्या कोणत्या थरांशी निगडित आहेत हे दाखवून दिले. तेव्हा अल्बमची शिफारस करणारा अभ्यासक गुणांच्या नावाखाली आपली प्रतिष्ठाच मिरवत नाही काय? पुष्कळदा मिरवतो. दुर्मिळतेच्या युक्तिवादाची चिकित्सा करताना हेच म्हटले आहे. पण त्यावरचा उपाय मौन नव्हे. प्रतिष्ठा मिरवणाऱ्याला कारणे नकोच असतात. कारण सांगितले की दुसऱ्याला ते तपासता येते, शिकता येते, आणि मग वेगळेपण उरत नाही. कारण देणे म्हणजे आपल्या भांडवलात दुसऱ्याला वाटा देणे.

दुसरा आक्षेप ‘आवड ज्याची त्याची’ हा. रा. भा. पाटणकरांनी कांटची सौंदर्यमीमांसा मराठीत आणली त्याला अर्धशतक होत आले, तरी हा आक्षेप जसाच्या तसा टिकून आहे याचे नवल वाटते. ‘हे मला रुचते’ आणि ‘हे सुंदर आहे’ या विधानांतील फरक कांटने १७९० सालीच दाखवला. दुसरे विधान नियमाने सिद्ध करता येत नाही, पण ते इतरांच्या संमतीवर हक्क सांगते. म्हणूनच त्याविषयी वाद संभवतो. ‘ऐकच’ असे म्हणणारा मित्र नकळत हा हक्क सांगत असतो, आणि ‘का?’ असे विचारताच तो सोडून देतो. अभिनवगुप्तांचा सहृदयही जन्मजात सहृदय नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, तो सहृदय. म्हणजे आवड ही आधीच साठवलेली माहिती नसून अभ्यासाने घडणारी क्षमता आहे. यंत्र तुमची आवड मोजते. चांगली शिफारस ती घडवते.

अशा शिफारशीची उदाहरणे बँड आणि अल्बम यांच्या जगात आहेत. रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी १९६९ साली ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये अल्बमांना परीक्षेसारख्या श्रेणी देणारे सदर सुरू केले. श्रेणी देणे हास्यास्पद वाटते. पण तिच्याखाली मोजक्या वाक्यांत आवाज, शब्द, ठेका यांविषयी ठोस विधान असते आणि त्याखाली नाव असते. वाचक दर महिन्याला त्यांच्याशी भांडत आणि भांडता भांडता ऐकायला शिकत. बी.बी.सी.च्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मधील मृत्यूपर्यंत जॉन पील नवनवे बँड ऐकवीत राहिले. १९७८ साली ‘द अंडरटोन्स’ या डेरीच्या कोवळ्या पोरांचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे त्यांनी लागोपाठ दोनदा वाजवले. पील कारणे फारशी सांगत नसत, हे त्यांचे न्यून होय. पण त्यांची सही सदतीस वर्षे तीच होती, आणि तिच्या आधारे श्रोत्याला त्यांच्या कानांचा अंदाज बांधता येई, त्यांच्याशी मतभेद ठेवता येई.

याद्याही याच कसोट्यांवर पाहाव्यात. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० साली मतदारवर्ग व्यापक केला तेव्हा मार्व्हिन गे यांचा १९७१ सालचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. कॅनन हा मतदारांवर अवलंबून असतो हे यातून उघड झाले, आणि ते बरेच झाले. परंतु ‘सार्जंट पेपर’ मागे का पडावा, याचे कारण मतांच्या बेरजेत सापडत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते.

६

आता आपल्या अंगणाकडे वळू. मराठी सौंदर्यशास्त्राने आपली काही मूलभूत परिभाषा संगीताच्या दारातूनच आणली. मर्ढेकरांची लय आणि तिच्यातील संवाद, विरोध, समतोल ही तत्त्वे हे त्याचे ठळक उदाहरण. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांच्या आवडीनिवडीला स्वर आणि लय यांच्या प्रमाणाचे कारण दिले, ‘आमचे घराणे थोर’ या वशिल्याच्या भाषेतून ती चर्चा बाहेर काढली. अशोक रानड्यांनी लोकप्रिय संगीताला स्वतंत्र कोटी मानून त्याचा गंभीर विचार केला. एवढी सामग्री हाताशी असताना, मुंबईच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमांविषयी मराठी समीक्षेने काय लिहिले? ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडचा अल्बमही पुढे परदेशी नाममुद्रेनेच पुन्हा बाहेर काढला. १९८४ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झालेल्या ‘रॉक मशीन’विषयी मराठीत गुणदोषांची चर्चा शोधावी लागते. अरुण कोलटकरांनी इंग्रजीत गाणी रचली आणि ध्वनिमुद्रित केली होती, अमेरिकी ब्लूजचा त्यांना लळा होता. त्यांच्या कवितेचे नाते तुकोबांशी जोडताना आपण जी दक्षता घेतो ती या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत घेतली आहे असे म्हणवत नाही.

या मौनाचे समर्थन देशीयतेच्या नावाने केले जाते. पाश्चात्त्य बँड आपले नव्हेत, म्हणून ते आपल्या समीक्षेचे विषय नव्हेत. पण श्रोता मराठी आहे, आणि तो ऐकतोच आहे. समीक्षा गप्प राहिली म्हणून त्याचे ऐकणे देशी होत नाही. ते केवळ परभाषेतील वजाबाक्या, बेरजा आणि यंत्रे यांच्या हवाली होते. काळा घोड्याचे ‘रिदम हाउस’ २०१६ साली बंद झाले तेव्हा पुष्कळांनी हळहळून लिहिले. तिथे काउंटरमागचा माणूस गिऱ्हाईकाचा कल ओळखून तबकडी पुढे करी, ही आठवण त्यात अनेकांनी सांगितली. त्या माणसाची जागा यंत्राने घेतली हे खरे. पण ज्या जागेवर समीक्षक असायला हवा होता तिथे तो आधीही नव्हता.

म्हणून मागणी साधी आहे. मराठी नियतकालिकांनी अल्बमांची परीक्षणे कवितासंग्रहांच्या बरोबरीने, त्याच शिस्तीने छापावीत. त्यात विशेषणाच्या जागी स्वराचे, ठेक्याचे, आवाजाच्या पोताचे, गाण्यांच्या क्रमाचे नाव घ्यावे. जे साधले नाही तेही सांगावे. ‘कोणी आधी केले’ आणि ‘किती जणांना ठाऊक आहे’ ही माहिती तळटीपेत जावी. पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी आपल्या आवडत्या बँडचे नाव घेतो तेव्हा शिक्षकाने हसून विषय बदलू नये, आणि विद्यार्थ्यानेही ‘आवडतो’ या शब्दापाशी थांबू नये. त्याला एक पान लिहायला सांगावे आणि ते वर्गात वाचून, ऐकून, खोडून काढायचा प्रयत्न करावा. जे पान या प्रयत्नातून टिकेल ती शिफारस. जे टिकणार नाही तेही वाया जाणार नाही. निदान आपण कोणत्या कारणाने आवडून घेत होतो हे लिहिणाऱ्याला कळेल. ज्या समीक्षेला हे काम हलके वाटते, तिने आपल्या वाचकाला यंत्राच्या ओटीत टाकल्याबद्दल यंत्राला दोष देऊ नये.